एलएसयूचा २०१९ चा अपराजित हंगाम इतका श्रेष्ठ का मानला जातो?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये अपराजित विजेते याआधीही झाले आहेत, त्यामुळे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एलएसयू) १५-० म्हणजे पंधरा विजय आणि शून्य पराभव या आकड्यापेक्षा तो कोणाविरुद्ध उभा राहिला, हे पाहणे अधिक योग्य ठरेल. टेक्सास, फ्लोरिडा, ऑबर्न, अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा आणि शेवटी गतविजेता क्लेमसन, असा तो मार्ग होता.

त्यातही नोव्हेंबरमध्ये अलाबामाच्या मैदानावर मिळवलेला ४६-४१ असा विजय मला निर्णायक वाटतो, कारण त्याआधीच्या सलग आठ लढतींत एलएसयू याच प्रतिस्पर्ध्याकडून हरला होता. प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांनी त्या वर्षी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेल्या तरुण सहायक प्रशिक्षक जो ब्रॅडी यांच्या साहाय्याने आक्रमणाची जुनी, धावण्यावर भर देणारी पद्धत सोडून मैदानभर खेळाडू पसरवणारा पासिंगचा, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेण्याचा खेळ स्वीकारला, आणि ओहायो स्टेटमधून आलेल्या क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) जो बरो याने ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकून त्या वेळचा विक्रम केला. वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिली जाणारी हाइस्मन ट्रॉफीही अर्थातच त्यालाच मिळाली. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तर त्याने पूर्वार्धातच सात टचडाउन पास दिले; तो सामना ६३-२८ असा संपला, आणि खरे सांगायचे तर मध्यंतरानंतर पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते.

१३ जानेवारी २०२० रोजी अंतिम सामन्यात, लुइझियानातल्याच न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे जवळजवळ घरच्याच प्रेक्षकांसमोर, सलग २९ सामने जिंकून आलेल्या क्लेमसनला एलएसयूने ४२-२५ असे हरवले. ऑबर्नविरुद्धचा २३-२० हा सामना सोडला, तर या आक्रमणाला कोणीही फारसे रोखू शकले नाही.