अक्षौहिणी : २१,८७० की २,१८,७००?

विचारणा अशी आहे : अक्षौहिणी (महाभारतातलं सैन्याचं माप) म्हणजे कुठे २१,८७० दिलंय, कुठे २,१८,७००. यातलं खरं कोणतं? आणि शब्द 'अक्षोहिणी' लिहायचा की 'अक्षौहिणी'?

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त काय मोजलंय ते वेगळं आहे. महाभारताच्या आदिपर्वात ऋषी सौतीला, म्हणजे त्यांना महाभारत सांगणाऱ्या कथेकऱ्याला, हेच विचारतात आणि तो पार तळापासून हिशेब मांडतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म; पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. अशी सात वेळा तिप्पट झाली की ३चा सातवा घात येतो, म्हणून अनीकिनीत २,१८७ पत्ती. शेवटची उडी मात्र दसपटीची : दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी.

म्हणजे रथ २१,८७०, हत्तीही तेवढेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०. सगळ्यांची बेरीज २,१८,७००. याला सर्रास '२,१८,७०० सैनिक' म्हटलं जातं, ते मात्र चूक. या बेरजेत हत्ती, घोडे आणि रथ आहेत. उलट सारथी, माहूत, घोडेस्वार वेगळे धरलेलेच नाहीत.

या चारही आकड्यांच्या अंकांची बेरीज १८ येते आणि बेरजेच्या २,१८,७०० चीही १८च. अठरा पर्वं, अठरा दिवस, अठरा अक्षौहिणी, त्यात हे. त्यामुळे अनेकांना यात गूढ दिसतं. कारण साधं आहे. संख्येत ३चा सातवा घात आहे, म्हणजे तिला ९ने भाग जातोच, आणि अशा संख्येच्या अंकांची बेरीज ९च्या पटीतच येते. पांडवांच्या सात अक्षौहिणी म्हणजे १५,३०,९००, कौरवांच्या अकरा म्हणजे २४,०५,७००. दोन्हीकडे पुन्हा १८. पण अठराही अक्षौहिणी एकत्र केल्या की ३९,३६,६०० होतात आणि अंकांची बेरीज २७ येते. मला तर या गूढापेक्षा ती तिपटीची रचनाच जास्त देखणी वाटते. पत्ती आणि सात तिपटी लक्षात ठेवल्या की आकडा कधीही कागदावर मांडता येतो.

या उतरंडीतले गण, वाहिनी, चमू आपण आजही वापरतो. क्रीडावृत्तांत 'भारतीय चमू' म्हणजे जेमतेम पंधरा-वीस जण. मूळ चमूत ७२९ रथ, ७२९ हत्ती, २,१८७ घोडे आणि ३,६४५ पायदळ.

आता लेखन. अक्ष + ऊहिनी, नेहमीच्या गुणसंधीने (अ + ऊ = ओ) 'अक्षोहिनी' व्हायला हवं होतं. पण 'अक्षादूहिन्याम्' या व्याकरणकार कात्यायनाच्या वार्तिकाने (पाणिनीच्या सूत्रांना जोडलेल्या पुरवणी नियमाने) इथे वृद्धी, म्हणजे ओ ऐवजी औ, सांगितली आहे. आणि 'ऊहिनी'तल्या न चा ण झाला तो 'क्ष'मधल्या ष मुळे. तेव्हा 'अक्षौहिणी' हेच शुद्ध.