ग्रहणात अंगणात गेल्यामुळे बाळाला डाउन सिंड्रोम होतो का?

तुम्ही विचारलंय की बहिणीला 29व्या वर्षी पहिलं बाळ झालं, त्याला डाउन सिंड्रोम निघाला, आणि डिचोलीला तिच्या सासरी म्हणतात की सातव्या महिन्यात ती ग्रहणात अंगणात गेली म्हणून असं झालं. तिचं काही चुकलं का, आणि पुढच्या खेपेलाही असंच होईल का?

तिचं काही चुकलं नाही. अशा बहुतेक बाळांमध्ये, शंभरातल्या साधारण 95 जणांत, एकविसावं गुणसूत्र (जनुकं ज्या धाग्यांवर असतात त्यांतला एक धागा) प्रत्येक पेशीत दोनऐवजी तीनदा असतं. ते तिसरं गर्भ राहण्याआधी, फार तर राहतेवेळी आलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला त्यात काही करायला जागाच उरत नाही.

मी फोंड्याला बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. अर्धसूत्री विभाजनाची, म्हणजे अंडपेशी-शुक्रपेशी होताना गुणसूत्रं निम्मी होतात त्याची, आकृती मुलं झोपेतही काढायची, पण डोक्यात शिरायचं ते आपल्या गोव्यातल्या धालो नाचाचं उदाहरण दिल्यावर. पौषात मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा धरून नाचतात ना, तशीच अंडपेशी तयार होताना 46 गुणसूत्रं 23 जोड्यांनी समोरासमोर येतात. मग दोन्ही रांगा मागे सरतात, इकडे 23, तिकडे 23. क्वचित एखाद्या जोडीतली दोघंही एकाच बाजूला जातात. 24 गुणसूत्रांची ती अंडपेशी बापाच्या 23 गुणसूत्रांच्या शुक्रपेशीने फळली, की बाळाची होतात 47. (विभाजन दोन फेऱ्यांत होतं, चूक दुसऱ्या फेरीतही होते, पण पहिलीत जास्त.)

मला अजून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तुमची बहीण तुमच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या अंडपेशींत या जोड्या जुळल्या आणि नाच तिथेच थांबला. तो पुढे सुरू होतो थेट ज्या महिन्यात ती अंडपेशी पिकते त्या महिन्यात. तोवर गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारं कोहेसिन नावाचं प्रथिन वर्षानुवर्षं झिजत असतं. म्हणून आईच्या वयाबरोबर धोका वाढतो: पस्तिशीला साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. तरीही विशीतिशीतल्या आयांना अशी मुलं होतातच.

नऊदशांश वेळा जादा एकविसावं आईच्या अंडपेशीतून येतं. सासरी हे वाक्य सांगू नका, त्याचाही दोष करतील. सांगायचंच तर हे सांगा, की क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असलेल्या (एक्सएक्सवाय) मुलग्यांत, जवळपास निम्म्या वेळा चूक बापाच्या शुक्रपेशीत झालेली असते.

बाकीच्या गुणसूत्रांच्या अशा चुका बहुतेक जन्मापर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड सापडते. एकविसावं सगळ्यांत लहान, त्यावर जनुकंही कमी, म्हणून बाळ तगतं.

पुढच्या खेपेचं म्हणाल, तर बाळाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट काढून बघा. 47 गुणसूत्रं आणि जादा 21 असं असेल, तर तिच्या वयाला पुन्हा तसं होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. एकूण 46 असून एकविसाव्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असेल, तर आई आणि बाप, दोघांचंही रक्त तपासायला हवं. आणि बाळाचा हृदयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तो आधी करून घ्या. या मुलांतल्या जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्याला थांबून चालत नाही.