कॅन्सरमुळे गर्भपिशवी काढून 3 महिने झाले, अजून अंगातून वाफा येतात आणि एक पाय सुजतो. हे असंच राहणार का?

ताई, वाफा येणं अपेक्षितच आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. माझ्या आईचंही हेच ऑपरेशन झालं. रात्री दोनदा गाऊन बदलायची. उशाशी सुती पंचा आणि पाण्याचा तांब्या ठेवायचो. संध्याकाळचा चहा सोडल्यावर तिला बराच फरक पडला. हार्मोनच्या गोळ्या मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत.

मला काळजी पायाची वाटते. ओटीपोटातल्या लसिका गाठी (लिम्फ नोड, म्हणजे अंगातला द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) काढल्या असतील तर पाणी साठून पाय जड होतो, चपलेचा पट्टा रुततो. फिजिओथेरपिस्ट त्यासाठी खास हलकं मालिश शिकवतात, मापाचे दाबाचे मोजे देतात. लवकर सुरू केलं तर सूज आटोक्यात राहते. पण सूज अचानक आली असेल, पोटरी दुखत किंवा गरम लागत असेल, तर आजच दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते, तोवर पाय चोळू नका. दम लागला तर थेट कॅज्युअल्टीत जा. अंगावरून पुन्हा रक्त गेलं तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच फोन करा.