ब्रीझ-सोलेयमध्ये वारा नाही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ग्रंथालयाचा आराखडा पाहिला. पश्चिमेच्या खिडक्यांबाहेरच्या उभ्या पट्ट्यांशेजारी ‘हवेसाठी ब्रीझ-सोलेय’ लिहिलंयस. हवा कुठून आली यात? इंग्रजीतली ‘ब्रीझ’ म्हणजे झुळूक, ती वेगळी. हा शब्द फ्रेंच: ‘ब्रीझे’ म्हणजे फोडणं, ‘सोलेय’ म्हणजे सूर्य. बंदरात लाटा फोडणाऱ्या बांधाला तिकडे ‘ब्रीझ-लाम’ म्हणतात, त्याच घडणीचा. ऊन फोडायचं, तेही काचेच्या बाहेर. एकदा आत शिरलं की पडदे ओढून डोळ्यांवरची तिरीप जाते, उकाडा जात नाही.

शब्द गाजवला वास्तुकार ल कॉर्बुझिएने, पण त्याआधी त्याची चांगलीच फजिती झाली होती. पॅरिसमध्ये १९३३ साली उघडलेल्या सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या आश्रयगृहाला त्याने दक्षिणेकडे बंद काचेची भिंत दिली. हवा थंड करायची यंत्रणा पैशांअभावी बसलीच नाही आणि उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. युद्धानंतर त्याच भिंतीवर ब्रीझ-सोलेय चढवावे लागले. मधल्या काळात ब्राझीलच्या रिओमध्ये कोस्टा, निमायर हे तिथले वास्तुकार आणि सहकाऱ्यांनी, त्याच्याच सल्ल्याने, मंत्रालयाच्या इमारतीला फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या लावल्या. उत्तरेला बरं का! विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिकडे दुपारचा सूर्य बहुतेक वर्षभर उत्तरेला असतो.

त्याचीच अहमदाबादची गिरणी मालक संघाची इमारत (१९५४) मात्र जाऊनच बघ. आश्रम रोडच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला खोल, तिरक्या काँक्रीटच्या पट्ट्या. साबरमतीकडे त्याच सरळ. उत्तर-दक्षिण भिंती जवळपास बंद. मावळतीचं ऊन तिरपं, जवळपास आडवं, थेट समोरून येतं. काटकोनात उभ्या केलेल्या पट्ट्यांमधून ते सरळ आत घुसतं. तुझ्या पट्ट्या नेमक्या तशाच आहेत, शिवाय जेमतेम वीतभर खोल. दिसतात देखण्या, काम शून्य.

काँक्रीटचं कौतुकही बेतानेच कर. दिवसभर तापलेली पट्टी संध्याकाळी तीच उष्णता बाहेर टाकत बसते. म्हणून ती भिंतीला चिकटवू नकोस, मध्ये फट ठेव. तापलेली हवा वर निघून जाऊ दे. आणि पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांचे छज्जे उडवून टाकलेस तेही परत आण.

पुढच्या खेपेला पश्चिमेचा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं रेखाचित्र, पाठव. त्यावर मार्च आणि मे महिन्यातलं दुपारी चारचं ऊन काढलेलं हवं. रंगीत चित्र नको.

तुझे सर