‘तारण’ म्हणजे मोक्ष नव्हे

एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: ख्रिस्ती लेखनात ‘तारण’ हा शब्द वारंवार येतो, त्याच्या जागी सर्वांच्या ओळखीचा ‘मोक्ष’ किंवा ‘मुक्ती’ घातला तर काय बिघडते? दुसरा असा: ‘मूळ पाप’ म्हणजे नेमके कोणते पाप?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ही अदलाबदल मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता ती खुपू लागली आहे. वृत्तपत्रांतील सणांवरचे लेख, पाठ्यपुस्तकांतील धर्मपरिचय, भाषांतरित कादंबऱ्या, सगळीकडे ‘ख्रिस्ती धर्मात मोक्षप्राप्तीसाठी’ अशी वाक्ये बिनदिक्कत छापली जातात. मोक्ष हा भारतीय दर्शनांचा पारिभाषिक शब्द आहे. त्यात सुटका आहे ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून, आणि त्यामागे कर्म, पुनर्जन्म व आत्मस्वरूपाचा विचार उभा आहे. ख्रिस्ती सिद्धांतात फेराच नाही. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात माणसाला एकदाच मरण नेमले आहे आणि त्यानंतर न्याय आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. जो फेरा मानलाच नाही त्यातून सुटणार कोण? शिवाय तिथे व्यक्ती कशात विलीन होत नाही. ती शरीरासह पुन्हा उठवली जाते आणि देवाशी तिचे तुटलेले नाते पुन्हा जोडले जाते. हा विचार ‘मोक्ष’ या शब्दात बसवला की दोन्ही परंपरांवर अन्याय होतो.

‘मुक्ती’ची गोष्ट निराळी आहे. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तो शब्द आहे, पण त्याचे काम ठरलेले आहे: किंमत भरून सोडवून घेणे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असा प्रयोग आहे. ‘उद्धार’ हा शब्दही अर्थाने चांगला, कारण त्यात वर उचलून काढणे आहे; पण सात पिढ्यांचा उद्धार करण्याच्या आपल्या बोलण्याने त्याची धार गेली आहे. उरतो तो ‘तारण’, आणि तो नाइलाजाने उरलेला शब्द नाही.

त्याची खरी मौज मराठी क्रियापदाच्या घडणीत आहे. आपल्याकडे काही धातूंचा पहिला स्वर दीर्घ केला की क्रियेचा धनी बदलतो: मरणे–मारणे, पडणे–पाडणे, चरणे–चारणे, आणि तरणे–तारणे. जो स्वतः पाणी कापून पैलतीर गाठतो तो तरतो. ज्याला दुसरा कोणी पार नेतो त्याला तारले जाते. पुष्कळ शालेय व्याकरणे ‘हसवणे’, ‘बसवणे’ अशी ‘व’ लागलेली रूपे तेवढी प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवणारी, म्हणून दाखवतात आणि ‘तारणे’, ‘पाडणे’ यांना नुसते सकर्मक म्हणून पुढे जातात. हे मला मुळीच मान्य नाही. संस्कृतात ‘तरति’ म्हणजे तो तरून जातो, ‘तारयति’ म्हणजे तो दुसऱ्याला तरून नेतो, आणि ही दुसरी रचना उघडउघड प्रयोजक आहे. मराठीने ती जशीच्या तशी उचलली आणि इतकी मुरवली की ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण दोन प्रयोजक क्रियापदांवर उभी आहे, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

आता हे व्याकरण सिद्धांताशेजारी ठेवून पाहा. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे, म्हणून त्याची योग्यता थोर आहे. परंतु तो पापात पडला आहे आणि स्वतःच्या बळावर त्यातून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून त्याला तारणाऱ्याची गरज आहे. ही सगळी शिकवण एका काना-मात्रेच्या फरकात सामावते: मनुष्य तरत नाही, त्याला तारावे लागते. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या तपस्व्याने मांडले होते की मनुष्याची इच्छाशक्ती शाबूत आहे आणि त्याने ठरवले तर तो पापावाचून जगू शकतो. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने (354–430) त्याला आयुष्याच्या अखेरीपर्यंत विरोध केला, आणि 418 साली कार्थेज येथील परिषदेने पेलाजियसचे मत नाकारले. त्या वादाची कागदपत्रे लॅटिनमध्ये आहेत. पण मराठी माणसाला त्याचे मर्म सांगायचे तर पेलाजियस ‘तरणे’ म्हणत होता आणि ऑगस्टीन ‘तारणे’ म्हणत होता, एवढे पुरते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील येशूचा शिष्य पेत्र याचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. पेत्र नावेतून उतरून पाण्यावर चालू लागतो, वारा पाहून घाबरतो, बुडू लागतो आणि ओरडतो. येशू हात पुढे करून त्याला धरतो. त्या ओरडण्यातले ग्रीक क्रियापद ‘सोझो’ आहे, आणि तारणासाठी नव्या करारात जो ‘सोतेरिया’ शब्द येतो तो त्याच कुळातला. मराठी भाषांतरात तिथे ‘वाचव’ असे आहे आणि ते स्वाभाविकही आहे. पण पाण्यात बुडणाऱ्याच्या तोंडी ‘तार’ शोभला असता, असे मला नेहमी वाटते. ‘होसान्ना’ या शब्दाचेही तेच. लोक त्याला जयजयकार समजतात. मूळ इब्री उद्गार 118व्या स्तोत्रातला आहे आणि त्याचा अर्थ ‘तार, आम्ही विनवतो’ असा आहे. ‘येशू’ या नावातही तारण्याचाच इब्री धातू आहे, म्हणून मत्तयाच्या पहिल्या अध्यायात नाव सांगताना लगेच कारण दिले आहे की तो आपल्या प्रजेला पापांपासून तारील.

यावरून एक सूचना करतो. ‘तारण मिळवणे’ हा प्रयोग टाळावा. ‘मिळवणे’ म्हटले की कमाई आली, आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे तुमच्या हातून झालेले नाही, हे देवाचे दान आहे, असे बजावले आहे. ‘तारण होणे’, ‘तारण पावणे’ हे प्रयोग योग्य. कोणी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील ‘आपले तारण साधून घ्या’ हे वाक्य पुढे करील. त्याने पुढचे वचनही वाचावे. तिथे इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे असे लगोलग म्हटले आहे.

ज्या अर्थासाठी मी हा शब्द जिवापाड जपतो तो मात्र सावकारी आहे. ‘सोने तारण ठेवले’, ‘विनातारण कर्ज’ या प्रयोगांतला तारण आणि प्रार्थनेतला तारण हे दोन वेगळे शब्द असून योगायोगाने सारखे झाले, असे सांगणारे अनेक जण भेटतात. मला हे पटत नाही. ‘गहाण’ हा शब्द ग्रहण या मुळाकडे जातो; त्यात धनकोने वस्तू धरून ठेवली आहे. ‘तारण’ त्याच वस्तूकडे दुसऱ्या बाजूने पाहतो: ऋणको बुडाला तरी जी वस्तू व्यवहाराला बुडू देत नाही, ती तारण. पैसे ‘बुडतात’ आणि कर्ज ‘बुडीत’ जाते, असे जी भाषा म्हणते तिने बुडण्यापासून राखणाऱ्या वस्तूला तारण म्हणावे यात नवल नाही. व्यवहार आणि धर्म यांनी एकाच पाण्यातून हा शब्द काढला आहे, असे माझे ठाम मत आहे.

आणि मला आनंद होतो तो यासाठी की पवित्र शास्त्रातील पापाची भाषाही फार मोठ्या प्रमाणात कर्जाची भाषा आहे. येशूच्या काळच्या अरामी बोलीत ‘होबा’ या एका शब्दाने ऋण आणि पाप दोन्ही सांगत. म्हणून प्रभूची प्रार्थना मत्तय लिहितो तेव्हा ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असे येते, आणि तीच प्रार्थना लूक लिहितो तेव्हा ‘आमच्या पापांची क्षमा कर’ असे होते. प्रेषित पौल कोरिंथकरांना लिहिताना पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हणतो. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ दिलेली रक्कम, आणि इथे त्याचा ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हा मूळचा सेमिटिक आहे. बायबलचे पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याच्या 38व्या अध्यायात यहूदा आपली मुद्रा, गोफ आणि हातातील काठी तामारपाशी गहाण ठेवतो, तिथे इब्रीत हाच शब्द आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला उत्तम कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. तिथला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात एकदाच येतो. ऋण, विसार, जामीन, खंडणी आणि तारण ही सगळी मंडळी एकाच दप्तरातली आहेत. ज्यांना ‘तारण’ शब्दातला सावकारी वास नकोसा वाटतो आणि म्हणून जे ‘मोक्ष’ सुचवतात, त्यांनी हे दप्तर एकदा उघडून पाहावे.

या भाषेला मर्यादा आहे, आणि ती प्राचीन आचार्यांनाही जाणवली होती. येशूने आपल्या मरणाने खंडणी भरली, तर भरली कोणाला? ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी यांनी ती सैतानाला दिल्याचे मांडले. नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते लाजिरवाणे वाटले. आणि 1098च्या सुमारास मध्ययुगीन धर्मपंडित अन्सेल्मने प्रश्न सैतानाकडून काढून देवाच्या सन्मानाकडे नेला. माझ्या मते अन्सेल्मची बाजू सरस आहे. लुटारूला काही देणे लागत नाही; देणे लागते ते ज्याचे घेतले त्याला.

‘पाप’ शब्दाबद्दल एक खुलासा ओघाने करतो. इब्री ‘खाता’ व ग्रीक ‘हामार्तिया’ यांचा धात्वर्थ नेम चुकणे आहे, म्हणून पाप म्हणजे केवळ चूक, असे प्रवचनांतून हमखास सांगितले जाते. धात्वर्थ खरा आहे. बायबलमधील शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात केसावर धोंडा मारला तरी नेम न चुकणारे 700 डावखुरे गोफणकरी आहेत आणि तिथे तोच इब्री धातू आहे. पण निष्कर्ष खोटा आहे. शब्दाचा उगम म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे बायबलच्या भाषांचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 साली बायबलच्या अभ्यासकांना कठोरपणे सुनावले होते. 51वे स्तोत्र नेम चुकण्याच्या शब्दाबरोबर वाकडेपणाचा आणि बंडाचा असे आणखी दोन इब्री शब्द वापरते, आणि बंड करणाऱ्याचा नेम चुकलेला नसतो. मी वर तरणे–तारणे यावर एवढे लिहिले, मग मीही तेच केले ना, असे कोणी म्हणेल. नाही. तरणे–तारणे हा भेद आजच्या मराठीत जिवंत आहे; तो ऐकायला कोश उघडावा लागत नाही.

आता ‘मूळ पाप’. राजकीय लेखांत एखाद्या धोरणातील पहिल्या चुकीला ‘मूळ पाप’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती लाक्षणिक आहे, चालू द्या. ज्या दोन समजुती चालू देता येत नाहीत त्या अशा की मूळ पाप म्हणजे कामवासना, किंवा सफरचंद खाणे. उत्पत्तीत फळाचे नाव नाही. ‘फलद्रूप व्हा’ हा संततीचा आशीर्वाद पहिल्या अध्यायात आहे आणि पहिल्या स्त्री-पुरुषाने मना केलेले फळ खाल्ले तो आज्ञाभंग तिसऱ्या. आशीर्वादच पाप कसा होईल? मूळ पाप हे एखाद्या कृत्यापेक्षा स्थितीचे नाव अधिक आहे: देवापासून तुटलेली मानवी प्रकृती, जिच्यातून पुढची सगळी पापे उगवतात. म्हणून ‘आद्य पाप’ हा पर्याय मला तोकडा वाटतो. त्यात फक्त पहिलेपण येते. ‘मूळ’ शब्दात आरंभही आहे आणि जमिनीखाली पसरलेली मुळीही आहे. ‘जन्मजात पाप’ म्हटले तर वाद ओढवतो. लॅटिन संज्ञा ऑगस्टीनने 396च्या सुमारास रूढ केली, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील 5:12 हे वचन त्याने लॅटिनमधून ‘ज्याच्यामध्ये (म्हणजे आदामामध्ये) सर्वांनी पाप केले’ असे वाचले. ग्रीकमध्ये ते ‘कारण सर्वांनी पाप केले’ असे वाचणे अधिक सरळ आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी आजही ‘पूर्वजांचे पाप’ म्हणते आणि आदामापासून मरण वारशाने आले, दोष नव्हे, असे शिकवते. या मुद्द्यावर ग्रीक वाचन बरोबर आहे, ऑगस्टीनबद्दल मला कितीही आदर असला तरी.

आणि त्या तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत, चौथ्या अध्यायात येतो. तिसऱ्यात आहे ते संभाषण. देव विचारतो तेव्हा आदाम म्हणतो की तू मला दिलेल्या स्त्रीने फळ दिले. स्त्री म्हणते की सापाने मला भुरळ घातली. दोघेही ‘मी पडलो’, ‘मी पडले’ असे म्हणत नाहीत. ‘मला पाडले’ असे म्हणतात. तिथे प्रयोजक क्रियापद चुकीच्या जागी वापरले गेले आहे. त्यामुळे या प्रसंगाला मराठीत जो ‘पतन’ शब्द लावतात तो अचूक आहे: ‘पत्’ म्हणजे स्वतः पडणे, आणि ‘पातन’ म्हणजे दुसऱ्याला पाडणे. लिहिणाऱ्यांनी ‘पतन’ आणि ‘तारण’ ही जोडी कायम ठेवावी, आणि ‘मोक्ष’ त्याच्या दर्शनांत राहू द्यावा.