खंदक की चर?

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धावरच्या मराठी लेखनात 'ट्रेंच'साठी कुठे 'खंदक' येतो, कुठे 'चर'. खंदक तर किल्ल्याभोवतीचा. मग सैनिक खंदकात बसून लढले असं लिहिणं चूक नाही का?

शंका रास्त आहे. खंदक मुळात शत्रूला अडवण्यासाठी. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक पाहा. त्यात कोणी दबा धरून बसत नसे. सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मार्नच्या लढाईनंतर स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत जे खणलं गेलं, ते स्वतःला लपवण्यासाठी. माणूसभर खोल, पुढे वाळूची पोती, गोळी झाडताना उभं राहायला पायरी. आणि सरळ तर कधीच नाही. थोड्या थोड्या अंतरावर वळण, म्हणजे आत पडलेल्या तोफगोळ्याचा मार वळणापलीकडे पोचू नये.

जुन्या मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'मोर्चा'. किल्ल्याला वेढा घालणारे तोफांच्या माऱ्यापासून आडोसा करून मोर्चे लावत. आज मोर्चा म्हटलं की निदर्शनंच डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे या अर्थाने तो हातचा गेला. मला त्याची खरोखर हळहळ वाटते. 'मोर्चेबांधणी'त तेवढा तो अर्थ शिल्लक आहे.

तरीही खंदकाला मी चूक म्हणणार नाही, कारण युद्धानेच त्याला मूळ अर्थाकडे नेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, तेच मुळी खंदक ओलांडायला. पुढे हिंडेनबुर्ग फळी या आपल्या बचावरेषेवर जर्मनांनी रणगाडे अडावेत इतके रुंद खंदक केले. नोव्हेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधल्या कांब्रेला ब्रिटिश रणगाडे डोक्यावर फाट्यांच्या प्रचंड मोळ्या घेऊन आले, त्या खंदकात टाकून वरून पार झाले. किल्ल्याचे खंदक बुजवायची जुनी रीत हीच!

'चर' म्हणजे पाण्यासाठी, पायासाठी खणतात तो. मागून आघाडीकडे माणसं आणि रसद नेणाऱ्या अरुंद जोडवाटांना तो चपखल बसतो. म्हणून मी लिहिताना सैनिक राहतात-लढतात तो खंदक, त्याला जोडणारा तो चर, असा फरक ठेवतो. 'खंदकयुद्ध' तर रुळलेलाच आहे. तो बदलू नये.