मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून बीएडच्या वर्गात

सर, मुख्याध्यापकपदानंतर बीएड महाविद्यालयात शिकवायचं म्हणता, तर अनुभव कितीही असो, सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) हे आधी बघा.

वर्गात घोळ होतो तो ‘आमच्या शाळेत’ सुरू झालं की. किस्से रंगतात, हाती काही लागत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांना नावं झाकून एखाद्या शाळेचा पट (मुलांची संख्या) आणि शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी द्या. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६१ ते ९० पटावर तीन शिक्षक, ९१ ते १२० वर चार. पट ९२ वरून ८९ झाला, तर एक शिक्षक जास्तीचा होतो; मग अतिरिक्त कोण? त्यांनाच ठरवू द्या, पालकसभेत सांगायलाही लावा. भावी मुख्याध्यापक इथेच अडखळतात.

आंतरवासितेत (शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात) त्यांचे पाठ बघताना मुख्याध्यापकाच्या लॉगबुकातले (तपासणी-नोंदवहीतले) शेरे नकोत (ही सवय सुटता सुटत नाही). आधी विचारा, ‘कुठे अडलं?’ मग एकच दुरुस्ती सांगा.